जाळीत राहिलेली नावं

वाशीमच्या बसस्टँडजवळच्या छपाई-सामानाच्या दुकानात योगिनी कापडावर छापायच्या नव्या जाळीदार फ्रेमचा भाव करत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "नवी कायले घेता? शिकायले जुनी चालते."

तिनं वळून पाहिलं. बाहीवर निळ्या शाईचे डाग आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू दुकान याच्या मामाचंच!

"तुमाले कोनं इचारलं?"

"कोनीच नाही. मी हरीओम. रिठदले लग्नपत्रिका छापतो. माह्याजवळ एक जुनी फ्रेम हाय, ते न्या. पैसे नोका देऊ..."

पैसे नको म्हणणारा माणूस! योगिनीच्या कपाळाला लगेच आठ्या पडल्या. तरी फ्रेम तिनं घेतली, कारण खिसा रिकामा होता आणि बचत गटाच्या कापडी पिशव्या छापायचं पहिलंवहिलं काम हातात होतं.

कामरगावला घरी येऊन तिनं शोकेसची काच काढली, खिडकीला गोधडी लावून अंधार केला आणि फ्रेमच्या जाळीवर उजेडात घट्ट होणारं रसायन पसरलं. त्यावर कापसाच्या बोंडाचं काळं चित्र ठेवून काचेनं दाबलं, म्हणजे चित्राखालचं रसायन मऊ राहून धुतलं जाईल आणि तिथूनच शाई उतरेल. महागडा दिवा कुठून आणणार? उन्हातच ठेवली फ्रेम. आई, लिलाबाई, म्हणाली, "चहा पेऊन घे आधी." चहा होईतो चित्राखालचंही सगळं रसायन घट्ट! पिशवीवरचं कापसाचं बोंड काही उमटेना. नाइलाजानं तिनं हरीओमला फोन केला.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर हजर.

"रिठदहून इतक्या दूर?"

"कारंज्याले काम होतं. वाटेत तुमचं गाव..."

कामरगाव कारंज्याच्या पुढे, ते वाटेत कसं येईल? योगिनीनं डोळे बारीक केले. याला आपलं गिऱ्हाईक पळवायचं असणार, दुसरं काय!

पण तो शिकवायचा छान. शाई ओढायची रबराची पट्टी तिच्या हातात देऊन म्हणाला, "दाब सारखा ठेवा... असा." त्याची बोटं क्षणभर तिच्या बोटांवर टेकली. तिच्या छातीत असं धडधडलं, की तिला स्वतःचाच संशय आला.

तो गेल्यावर तिनं त्यानं सांगितल्याप्रमाणे ब्लीचिंग पावडरनं जाळी घासून साफ केली आणि उन्हाकडे धरून पाहिली. जाळीत जुन्या छपाईची फिकट अक्षरं होती. शुभविवाह... चि. हरीओम... चि. सौ. कां. वैभवी.

लगीन ठरलंय, आणि गडी इथे येऊन बोटं टेकवतो! रागापेक्षा रडूच जास्त आलं. का आलं, तेही तिला पक्कं ठाऊक होतं.

तो पुन्हा आला तेव्हा तिनं फ्रेम त्याच्या पुढ्यात आदळली. "नवरीले घरी ठेवून कायले फिरून राह्यले?"

हरीओमचा चेहरा उतरला. "मोडलं ते लगन. पत्रिका मीच छापल्या होत्या. वैभवीनं सांगतलं, तिचं मन दुसऱ्यावर हाय... मंग मीच नाही म्हनलं."

"असं सगळेच म्हनतात."

"तिले फोन लावून देऊ?"

"काही गरज नाही. मंग हे फ्रेम माह्या गळ्यात काहून मारली?"

"किती घासली, तरी नावं निंगत नाही. फेकवतही नव्हती. तुमी भाव करतानी पाह्यलं... वाटलं, हे पोरगी याच्यावर काहीतरी चांगलं छापीन."

"आन् पिशव्यांवर तुमचं शुभविवाह उमटलं तं?"

"नाही उमटत. डाग जाळीत राहते, शाईत येत नाही. छापून पाहा."

विश्वास ठेवेल ती योगिनी कसली! तिनं त्याला ओसरीवर बसवून ठेवलं. जाळीवर पुन्हा रसायन लावलं, वाळवलं, यावेळी चहा न पिता उन्हात फ्रेमजवळ उभी राहिली. पिशवी पसरून पट्टी ओढली, श्वास रोखून फ्रेम उचलली.

पांढऱ्या कापडावर हिरवं बोंड. आजूबाजूला एक ठिपकासुद्धा नाही! तिनं पिशवी उन्हात धरून उलटसुलट तपासली. कुठंच कुणाचं नाव नव्हतं.

लिलाबाई दारातून हसत होती. योगिनी ओसरीवर आली, तरी नजरेत थोडा संशय उरलाच होता.

"एक खरं सांगा. आज कारंज्याले काय काम हाय?"

तो जमिनीकडे पाहत हळूच म्हणाला, "काहीच नाही... कारंज्याले माह्यं कधीच काही काम नव्हतं."

एवढंच तर तिला ऐकायचं होतं. कानापर्यंत लाल होत तिनं दुसरी पिशवी त्याच्या हातात दिली.

"मंग बसला काहून हायस? धर इकडून. हललास तं बोंड वाकडं येईन."

त्यानं पिशवीची दोन्ही टोकं घट्ट धरली. 'तुमी'चं 'तू' झालेलं त्याच्या ध्यानात आलं होतं, पण तो जरासुद्धा हलला नाही.