सील न फोडलेले कॅट

दीप्तीने पत्त्यांच्या नव्या कॅटसाठी इस्पिकचा राजा रेखाटला तो वडिलांवरून. मुलुंडला तिच्या घरी वडील, मधुकर मेस्त्री, दुपारी खिडकीशी बसून एकटेच पत्ते लावायचे. गिरणीत असताना जेवणाच्या सुट्टीत मेंढीकोट, पुढे वॉचमनच्या केबिनमध्ये, आता लेकी-जावयाकडे. पत्ते काही सुटले नाहीत. त्यांचं बसकं नाक, भुवईवरचा व्रण, मनगटावरचं गोंदण, सगळं तिने जसंच्या तसं उतरवलं. राजाच्या मागची जागा मात्र कोरी ठेवली.

कॅट छापायला पैसे लोकांनीच घातले. तिने इंटरनेटवर चित्रं टाकली आणि पत्ते जमवणाऱ्या देशभरच्या नादिष्टांनी आगाऊ मागणी नोंदवली. हे लोक एक कॅट हाताळायला घेतात, दुसरा सील न फोडता कपाटात ठेवतात. सगळे कॅट खपले. दोन खोकी तिने घरी ठेवून घेतली.

पहिला व्हिडिओ चेंबूरच्या शौनकचा आला. त्याने सील फोडलं, पत्ते पिसले आणि राजा कॅमेऱ्यासमोर धरला. "मागे लाल पत्र्याची ट्रंक! ताई, काय झकास काम केलंय!"

दीप्तीने मूळ चित्र उघडून पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

"छपाईत गडबड झाली असेल," तिचा नवरा सर्वेश चष्मा पुसत म्हणाला.

"गडबडीत ट्रंक छापली जाते का रे?"

वडील कोकणातून बोटीने मुंबईला आले तेव्हा उशाला लाल ट्रंक होती. ती गोष्ट तिने शंभर वेळा ऐकली होती. संध्याकाळी तिने सहज विषय काढला.

"खंयची ट्रंक?" मधुकर म्हणाले आणि पुन्हा पत्ते लावू लागले.

आठवड्याने नाशिकच्या एका मुलीने फोटो पाठवला. तिच्या राजामागे एक कान तुटलेला काळा कुत्रा होता. गावचा मोती. वडील त्याच्याबद्दल बोलताना आजही हळवे व्हायचे. दीप्तीने विचारलं, तर म्हणाले, आमच्याकडे कुत्रा कधी नव्हताच.

डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. दीप्तीने मान डोलावली. घरी येऊन तिने सगळ्यांना मेल केला: कृपा करून कॅट उघडू नका, छपाईत दोष आहे. तिथेच वाट लागली. प्रत्येकाचा राजा वेगळा आहे ही बातमी तोवर फुटली होती. ज्यांनी सीलबंद ठेवले होते त्यांतल्या बऱ्याच जणांनीही ते फोडले. विहीर आली, गिरणीचं फाटक आलं, तापाने गेलेला धाकटा भाऊ आला. मधुकरांचे हात पत्त्यांवर थबकू लागले. राजा मोठा की राणी, ते विचारू लागले.

घरातली दोन खोकी सर्वेशने माळ्यावर टाकली. "यांना हात लावायचा नाही."

दीप्तीने हो म्हटलं. पण तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. ती चार वर्षांची असताना तिची आई, जयंती, घरातून गेली ती परत आलीच नाही. वडिलांनी सगळे फोटो जाळले होते. विचारलं की उठून जायचे. दीप्तीला आईचा चेहरा ठाऊक नव्हता.

सर्वेश कामावर गेला की ती स्टूलवर चढून माळ्यावरचे कॅट काढायची. पहिल्या दिवशी एकच कॅट फोडला. राजामागे शिलाई मशीन. दुसऱ्या दिवशी तीन. बाहेर वडील तिला हाका मारत होते, मग हाका थांबल्या.

अकराव्या कॅटमध्ये आई सापडली.

राजाच्या खांद्यामागे उभी होती. तरुण, ओल्या केसांची. तिच्या गळ्यावर दोन हात होते. मनगटापर्यंतच दिसत होते. एका मनगटावर वडिलांचं गोंदण होतं.

ती बाहेर आली. मधुकर खिडकीशी बसले होते. चेहऱ्यावर कसलाच ताण नव्हता.

"बाबा, आईचं काय केलंत?"

"कोणाची आवस?" ते लहान मुलासारखे हसले. "माझा लगीन खंय झाला गो?"

तिने पत्ता पुढे धरला. त्यांनी तो कौतुकाने न्याहाळला. "बरी आसा बाई," म्हणाले.

विचारायला कोणी उरलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी ते झोपेतच गेले. त्या पत्त्याबद्दल ती सर्वेशशी बोलली नाही. तेराव्यानंतर तिने दोन्ही खोकी गच्चीत नेऊन जाळली आणि व्हिडिओ बघायचं सोडलं.

श्रावणातल्या एका दुपारी शौनकचा मेसेज आला. त्याने ठेवलेला दुसरा कॅट आज उघडला होता. सोबत राजाचा फोटो होता.

वरचं डोकं वडिलांचं होतं. खालचं, उलटं डोकं तिचं स्वतःचं.

तिने फोन उलटा धरला. तिच्या चित्रामागे एक सडपातळ, चष्मेवाला पुरुष उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत कप होते. चेहरा भला वाटत होता. कोण असावा, ती आठवू लागली.

स्वयंपाकघरातून पावलं आली.

"दीप्ती, चहा."

दारात एक सडपातळ, चष्मेवाला पुरुष उभा होता. त्याला आपलं नाव कसं ठाऊक, याचं तिला नवल वाटलं. पण परक्या माणसाशी नीट वागावं म्हणून तिने पदर सारखा केला.

"ठेवा तिथे," ती म्हणाली. "घरातले येतीलच एवढ्यात."