हात बाहेर

त्या दिवशी मी अकोल्याहून सकाळच्या एसटीनं निघाले ती मांडीवर कपबशा घेऊन. आमच्या प्रयोगशाळेत पुण्याचे पाहुणे येणार होते आणि तिथले कान तुटलेले कप आईनं एकदा पाहिले होते. वकिलाची मुलगी असल्या कपांत चहा देते हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून घरचा चांगला सेट वर्तमानपत्रात गुंडाळून, मूर्तिजापूरपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला मनात शिव्या घालत, मी अमरावती गाठली.

आमची प्रयोगशाळा प्लाझ्माची. नाव मोठं आहे, खोली तेवढी नाही. विद्यापीठाच्या एका इमारतीमागचं जुनं कोठार आम्हांला मिळालंय. धातूच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये काच, आणि त्यांतून सोडलेले हजारो व्होल्ट. मधली हवा जांभळी पेटते. त्या उजेडात भेंडीचं, वांग्याचं बी थोडा वेळ धरलं की ते लवकर उगवतं, एवढंच आम्ही करतो. तो उजेड दिसावा म्हणून खिडक्यांना काळे पडदे आहेत. बाहेर मे महिन्याची दुपार रस्त्यावरचं डांबर वितळवत असते आणि आत आम्ही टेबलावरचा दिवा लावून बसलेलो असतो. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असतो. पावसाआधी वीज चमकली की येतो तसला ओझोनचा वास, पण जरा शिळा, सगळीकडे भरलेला असतो.

बटण अलीकडे आणि पट्ट्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे. मध्ये एक लहान दार. ते उघडं असलं की वीज आपोआप बंद व्हावी अशी सोय होती, पण ती केव्हाच बिघडली आणि दुरुस्तीचा अर्ज कुठंतरी वरच्या टेबलावर पडून आहे. त्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली. बटणापाशी बसलेल्यानं विचारायचं, "हात?" आतल्यानं म्हणायचं, "बाहेर." मगच बटण दाबायचं.

आता जे सांगते त्याला हसू नका. आत कोणी नसलं तरी उत्तर यायचं.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एकटीच होते, सवयीनं विचारलं, आणि पत्र्यामागून कोणीतरी शांतपणे, अगदी अदबीनं "बाहेर" म्हणालं. मी धावत व्हरांड्यात आले. तिथं माझा सीनियर शुभंकर उभा होता. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, एको आहे, पत्र्याचा. आता एको म्हणजे काय हे शाळेतल्या पोरालाही कळतं. 'हात' म्हटलं तर 'हात'च परत यायला हवं. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण विद्यापीठात प्लाझ्मावर संशोधन करणाऱ्या माणसांनी पत्र्यामागं कोणीतरी बोलतं म्हणून सांगत फिरायचं? मला त्या विचाराचीच लाज वाटली. शुभंकर पुढं नोकरीला पुण्याला गेला. मी एकटी असताना 'हात?' विचारणं सोडून दिलं. माझ्या लेखी प्रश्न मिटला.

यंदा मोनाली आली. वलगावची, घरची मेथी-वांग्याची शेती, आणि पीएच.डी.ला याच विषयात. पहिल्याच आठवड्यात ती आतून बाहेर आली आणि तिनं सरळ विचारलं, "ताई, मी त उत्तर देलंच नाही. मंग आत बोललं कोण?"

मी म्हटलं, एको आहे, पत्र्याचा. शुभंकरचे शब्द, शुभंकरचाच सूर. विहिरीत ओरडून पाहिलेली पोरगी होती ती. मग म्हणाली की यापुढं ती आधी आमच्या वऱ्हाडीतला होकार, 'हाव', म्हणेल आणि मग 'बाहेर'. म्हणजे उत्तर तिचंच आहे हे मला कळेल. तसं तिनं रोज केलं. 'हाव, बाहेर' ऐकलं की मी निर्धास्त बटण दाबायची. नुसतं 'बाहेर' आलं की थांबायची. याबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

पाहुण्यांच्या दिवशी कपबशा मांडत असताना आमचे कमलाकांत सर मला बाजूला घेऊन म्हणाले, की पाहुण्यांसमोर त्या मुलीला जरा नीट बोलायला सांग, ते 'हाव-बिव' नको. खरं तर मला राग यायला हवा होता. मी स्वतः अकोल्याची, आमच्या घरात आजोबांपर्यंत सगळे तसंच बोलायचे. पण पुण्यात दोन वर्षं शिकून मी माझी जीभ घासूनपुसून आणली होती, आणि मोनालीचं बोलणं पाहुण्यांच्या कानांवर पडणार या कल्पनेनं मलाच संकोच वाटत होता. मी निरोप दिला.

"मंग तुमाले समजन कसं?" तिनं विचारलं.

"अगं, आजचा एक दिवस," मी म्हणाले.

पाहुणे म्हणजे एक बाई आणि एक गृहस्थ, सभ्य, हळू बोलणारे. सर त्यांना सगळं समजावून सांगत होते. पडदे ओढले, दिवा मालवला. मोनाली बियांची काचेची ताटली घेऊन पत्र्यामागं गेली. आतून काचेवर काच घासल्याचा बारीक आवाज येत होता. मी बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हात?"

"बाहेर."

मोनालीचाच आवाज. हुबेहूब तिचा. स्वच्छ, पुण्याला शोभेल असा. पण काच अजून घासली जात होती.

मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. उठून त्या दारातून डोकावायचं, एवढंच करायचं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. उठून त्यांना सांगू काय? माझे कान तापले. सर हलकेच म्हणाले, "चारुता...?"

मी बटण दाबलं.

पत्र्याच्या वरून जांभळा उजेड छतावर पसरला. किंकाळी आली नाही. पाहुण्या बाई वा वा म्हणाल्या. थोड्या वेळानं मोनाली बाहेर आली, उजवा हात ओढणीत धरलेला, पाहुण्यांकडे बघून हसली. मला इतकं हायसं वाटलं की त्या हायसं वाटण्याचीच किळस आली. मग आम्ही चांगल्या कपांतून चहा घेतला.

ते गेल्यावर मोनाली नळाखाली हात धरून उभी होती. एका बोटाचं टोक पांढरं पडून फुगलं होतं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी ताटली सरकवून राहिली होती ताई... अन् कानापाशी माझाच आवाज आला. दचकली म्हणून हात निघाला. नाही त..." तिनं नळ बंद केला. "काच वाजत होती. तुमाले आयकू आली असन."

मला नाही म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयारही होता. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं. तिनं सरांना काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तिचा हात गेला असता, कदाचित जीवही, आणि मी तो कशासाठी पणाला लावला होता? दोन अनोळखी माणसांसमोर वेडी दिसू नये म्हणून. हे मनात आलं की आजही अंगावरचे कपडे नकोसे होतात.

त्यानंतर बटणापाशी मोनाली बसायला लागली. तिनं मागितलं नाही, मीच जागा सोडली. आत मी जाते.

गेल्या आठवड्यातली दुपार. मी वांग्याचं बी पट्ट्यांमध्ये नीट पसरत होते, मनगटापर्यंत हात आत. पलीकडून मोनालीनं विचारलं, "हात?"

थांब म्हणायला मी तोंड उघडलं, आणि माझ्या कानाशी माझाच आवाज म्हणाला, "बाहेर."

हात हलेना. दचकायलाही झालं नाही मला. एकच वाटलं, आता ती दाबेल... आणि दाबलं तर तिला बोल लावायला मला तोंड नाही.

तिनं दाबलं नाही. स्टूल सरकल्याचा आवाज आला, चपला वाजल्या, आणि ती दारात येऊन उभी राहिली. उठून बघायला तिला एवढाच वेळ लागला.

"हात काढा ताई."

मी काढला. ती तरी तिथंच उभी होती. तिची नजर माझ्या खांद्यामागं गेली आणि तिथं स्थिरावली. चेहऱ्यावर भीती नव्हती. वारंवार सांगूनही न ऐकणाऱ्यांकडे बघावं, तसा थकवा होता.

"चाला," ती म्हणाली, "दोघीबी बाहेर या."

मी बाहेर आले. मागं वळून बघायचा धीर झाला नाही, आणि कोण ते तिला विचारायची लाज वाटली. मोनालीनं दार धरून ठेवलं होतं. मी बाहेर पडल्यावर तिनं ते लगेच लावलं नाही. आणखी एक माणूस जाईल इतका वेळ थांबली, थोडी बाजूला सरकली, आणि मग लावलं.