गाळोबाचं शून्य

यंत्रं थकत नाहीत, असं कातळवेढ्याच्या शाळेतल्या पुस्तकात छापलं होतं. ते लिहिणारा माणूस गाळोबाला भेटलेला नसावा.

गाळोबा म्हणजे गावच्या सांडपाणी योजनेचा यंत्रमानव. आखूड पाय, लांब हात आणि पोटावर कार्यालयाच्या नावाची पाटी. आधी ग्रामपंचायतीची होती, गाव मोठं झाल्यावर तिच्यावर नगरपंचायतीची चिकटली, आणि उद्या सकाळी प्राधिकरणाची (एकाच कामासाठी नेमलेल्या सरकारी मंडळाची) चिकटणार होती. जबाबदारी बदलली की गाळोबाची स्मृती पुसायची, असा नियम होता. एका कार्यालयाची माहिती दुसऱ्याला चालत नसे. त्यामुळे गावाला पडलेलं कोडं आज सुटलं नाही, तर उद्या असं काही कोडं होतं हेही गाळोबाला आठवणार नव्हतं. या विचाराने त्याला आणखीच थकवा येई.

कोडं असं. खालच्या आळीतलं सांडपाणी पाइपातून ओढ्याकाठच्या कर्दळीच्या वाफ्यांत जायचं होतं. तिथे मुळांशी राहणारे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) त्यातली घाण खाणार, आणि उरलेलं पाणी बागांना मिळणार. पाइपाचा वरचा अर्धा भाग ग्रामपंचायतीने घातला, खालचा नगरपंचायतीने. दोन्ही नकाशे बरोबर होते. तरी पाणी अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं आणि जुईच्या दाराशी येऊन थांबायचं.

जुई अकरा वर्षांची. तिचा धाकटा भाऊ यंदा पुन्हा पोट बिघडून अंथरुणावर होता. तिच्या आईने दारातल्या घाण पाण्यात विटा टाकून वाट केली होती आणि तक्रार करणं केव्हाच सोडलं होतं. ग्रामपंचायतीचे जुने लोक म्हणत, आमचा पाइप ठीक आहे, पुढचं विचारा. नगरपंचायत म्हणे, आमचाही ठीक आहे, मागचं विचारा.

दुपारी जुई गाळोबाला शोधत आली तेव्हा तो दोन पाइपांच्या जोडावरच्या चेंबरपाशी नुसता बसला होता. झाकण का उघडत नाहीस, असं तिने विचारलं. झाकण जोडावर आहे आणि जोड कुणाचा हे अजून ठरलेलं नाही, असं त्याने सांगितलं. उघडायची परवानगी कुणी द्यायची तेच कुणाला माहीत नव्हतं.

जुई म्हणाली, "मी कुठल्याच कार्यालयाची नाही. मी सांगते, उघड."

नागरिकाने सांगितलं तर काय करायचं, याबद्दल नियमांत एक अक्षर नव्हतं. म्हणजे मनाईही नव्हती. गाळोबाने तिला लांब उभं केलं, कारण बंद गटारात विषारी वायू साठतो, आणि झाकण बाजूला सारलं. आतलं पाणी उपसल्यावर दिसलं ते असं: वरून येणाऱ्या पाइपाचं तोंड खाली होतं आणि पुढे जाणाऱ्या पाइपाचं हातभर उंच. पाणी आपण होऊन चढत नाही. ते साचत गेलं आणि मागे फुगलं.

"पण दोन्ही नकाशांत एकच आकडा आहे," गाळोबा म्हणाला. "शून्यापासून दोन मीटर खाली."

"शून्य कुठे आहे?"

प्रत्येक कार्यालयाचा हुकूम होता की उंची आपल्या कोनशिलेपासून मोजायची. जिथे नारळ फुटला तिथे शून्य. ग्रामपंचायतीची कोनशिला होती देवळाजवळच्या सखल जागेत, नगरपंचायतीची थोडी वर, माळावर.

जुईला शाळेचा जिना आठवला. एकाने पाचव्या पायरीवरून दोन पायऱ्या खाली मोजल्या आणि दुसऱ्याने सहावीवरून, तर दोघांचं मोजणं बरोबर, तरी दोघे एका पायरीवर यायचे नाहीत. असं तिने सांगताच गाळोबाने डोळे मिटून घेतले. उद्या तिसरी कोनशिला, तिसरं शून्य. आणि आज पाइप खाली घ्यायचा तर त्याच्याकडे हुकूम नव्हता.

"मी उद्या हे विसरेन," तो म्हणाला.

"दगड नाही ना विसरणार."

तिने बोट दाखवलेला विहिरीलगतचा कातळ जमिनीतूनच वर आलेला होता, हलणारा नव्हता. गाळोबाने त्यावर छिन्नीने एक आडवी रेघ कोरली आणि तिच्याखाली शून्य. हे तलचिन्ह (उंची मोजण्यासाठी सर्वांनी धरायची पक्की खूण). गावात तलचिन्ह असेल तर तेच धरावं, असा नियम मुळात होता. ते करायचं काम कुणाचं, एवढंच राहून गेलं होतं.

सकाळी पोटावर नवी पाटी लागली. "नमस्कार," गाळोबा जुईला म्हणाला. "आपलं नाव?"

जुईला रडू आलं, पण तिने ते गिळलं. नाव सांगितलं आणि त्याचा हात धरून कातळापाशी नेलं. प्राधिकरणाचा नारळ तोवर फुटला होता. गाळोबाने रेघ पाहिली, तिच्यात आपली छिन्नी ठेवून पाहिली. ती बरोबर बसली.

"ही खूण कुणी केली?"

"तू."

मग त्याने नव्या कोनशिलेचा आकडा खोडला आणि कातळापासून मोजायला सुरुवात केली.

आता दोन्ही पाइप एकाच प्राधिकरणाचे होते, त्यामुळे हुकूम मिळाला. पुढचा पाइप खाली बसला आणि आळीतलं पाणी वाफ्यांकडे जाऊ लागलं. जुईच्या आईने विटा मात्र लगेच उचलल्या नाहीत, असू देत म्हणाली. जुईने आळीतल्या बारक्या पोरांना ती रेघ दाखवून ठेवली. चौथी पाटी कधीतरी येणारच होती.

कर्दळीला पहिलं फूल आलं त्या संध्याकाळी गाळोबा वाफ्यांशी बसला होता. त्याने जुईला विचारलं, "मी आधी कसा होतो?"

"दमलेला."

"आणि आता?"

"आताही," जुई म्हणाली. "पण पाणी जातंय."