मुदत संपलेले नाव

सुज्ञ वाचकांस सविनय विदित करतो की, एका हरवलेल्या नावाच्या निमित्ताने दोन अंतःकरणे परस्परांस कशी सापडली, त्याचा वृत्तांत मी येथे यथामती सादर करीत आहे. कथेत वादविवाद पुष्कळ आहे. परंतु प्रीतीची वाट त्यातूनच गेली, म्हणून तो गाळलेला नाही.

श्रावण मास होता. धारवाडकर जिला जिटीजिटी म्हणतात, ती बारीक झिमझिम चालू होती. हुबळीस निघालेल्या, चिगरी नावाच्या जलद बसमध्ये प्रवीणच्या छत्रीचे पाणी शेजारी बसलेल्या तरुणीच्या ओढणीवर ओघळले. तिने ओढणी सावरली. परंतु नेत्रांत कोप नव्हता.

"छत्रीला तुमच्यापेक्षा अधिक घाई दिसते," ती म्हणाली.

प्रवीणने क्षमा मागितली आणि मनातील व्यथाही सांगून टाकली. तो शिक्षक होता आणि मराठी कुटुंबांची लग्ने विनामूल्य जुळवणाऱ्या 'शुभमेळ' मंडळाचा सचिव. मंडळाच्या संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली होती, आणि अशी नावे नोंदवणाऱ्या हुबळीच्या कंपनीने ते नाव इतरांस खुले केले होते. शेकडो आईबाप त्याच नावावर विसंबून होते. त्या कंपनीत माणसे नसून यंत्रे बसली आहेत, असेही तो बोलून गेला.

"आणि लग्ने जुळवणाऱ्या सचिवांचे स्वतःचे...?" तिने दृष्टी खाली वळवून विचारले.

"सचिवाने आपले स्थळ यादीत घालायचे नाही, हा आमचा दंडक आहे."

"अरेरे," म्हणत ती खिडकीकडे वळून हसली.

दोघेही एकाच थांब्यावर उतरली. एकाच इमारतीत शिरली. सभागृहाच्या दारापाशी ती क्षणभर थांबली. "यंत्राचे नाव सावनी," असे हळूच म्हणून ती थेट व्यासपीठावर जाऊन बसली. प्रवीणच्या कानशिलांत रक्त चढले.

मुदत टळलेले नाव जुन्या धन्यास परत मिळावे की नाही, याचा नियम ठरवण्यासाठी कंपनीचे मालक मंजुनाथ यांनी ग्राहकांची सभा बोलावली होती. मसुदा सावनीचा होता : मुदत संपली की नाव तत्काळ सर्वांस खुले. काहींनी त्यास दुजोरा दिला. काही म्हणाले, नाव म्हणजे लोकांचा विश्वास, तो एका दिवसात कसा संपेल? 'शुभमेळ' याच नावाचे साड्यांचे दुकान चालवणाऱ्या अनिताअक्कांनी ते नाव रीतसर मागितले होते, आणि सायंकाळी ते त्यांच्या हाती जाणार होते.

सावनीने प्रवीणला विचारले, मुदत संपत आल्याच्या सूचना कोणाच्या पत्त्यावर गेल्या?

"विठ्ठलरावांच्या. ते आमचे आधीचे सचिव."

"ते आज आले आहेत?"

"ते... माघात वारले. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांचे नाव कुठूनही काढायचे नाही, असे मंडळाने ठरवले. त्यांच्या खुर्चीवरही कोणी बसत नाही."

सावनीच्या हातातील लेखणी थबकली. तेवढ्यात अनिताअक्का शांतपणे बोलल्या, "दुःख मलाही कळते, मास्तर. पण माणूस गेला हे मला कोण सांगणार? मी किती दिवस दारात उभी राहू?"

प्रवीणने मान डोलावली; कारण त्यांचे म्हणणे खरे होते.

सावनी उठली. तिने स्वतःचाच मसुदा बाजूस सारला. मुदत टळल्यावर नाव काही काळ बंद ठेवावे, तेवढ्या काळात ते केवळ जुन्या धन्यास परत घेता यावे, आणि मग रांगेतील पहिल्यास द्यावे, असे तिने सुचवले. सूचनाही यापुढे एकाऐवजी दोघांस जावी. हात वर झाले.

"आयतु, ठरले," मंजुनाथ म्हणाले. "पण आजवर सुटलेल्या नावांचे काय? सावनी, तू सांग."

तिने प्रवीणकडे पाहिले. त्या दृष्टीत अधिकार नव्हता, भय होते. तिने होकार दिला, तर बसमधून दोघांना एकत्र उतरताना पाहिलेले लोक काय म्हणतील? नकार दिला, तर...? तिचे ओठ विलग होण्यापूर्वीच प्रवीण उभा राहिला.

"नियम आजपासून लागू करा. अक्कांनी जुन्या नियमाने मागितले आहे. आमच्यासाठी तो मागे ओढलात, तर तो नियम राहणार नाही, वशिला होईल."

नाव गेले. अनिताअक्कांनी मात्र, मंडळाचा नवा पत्ता आपल्या संकेतस्थळावर ठळक लावीन, असे आपण होऊन सांगितले.

सभा पांगल्यावर मंडळासाठी नवे नाव घेण्यास प्रवीण सावनीच्या मेजासमोर बसला. बाहेर झिमझिम तशीच होती.

"सूचनेसाठी पहिला पत्ता तुमचा," ती म्हणाली. "दुसरा...?"

"मंडळात विचारून सांगतो."

"तोवर माझा घालू?" तिची बोटे कळांवर थांबली होती.

"कार्यालयाचा?"

"नाही... केलगेरीचा. घरचा."

प्रवीण तिच्याकडे पाहतच राहिला. "मग मला सचिवपद सोडावे लागेल," तो म्हणाला. "दंडक आहे... आपले स्थळ सांगायचे तर."

"सोडा," सावनी म्हणाली, आणि तिने पत्ता लिहिला.

येथवर सोबत केलेल्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानून रजा घेतो.

आपला नम्र,
लक्ष्मण बाबाजी गावडे, अळणावर