पायरीवरचा पाव

"मामा, आत्ताच्या आत्ता या. ताई मला जेवणातून गहू घालतायत."

फोनवर भाचीचा आवाज दबका येत होता, तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा. रडत असेल, असं फौजदारांना वाटलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी आत्ताच्या आत्ता बोलावलंच नव्हतं. पायांत चपला सरकवून ते निघाले.

भाची नाटकांसाठी कागदाचे मुखवटे बनवायची. पुढच्या खोलीत तिचं काम, मागे स्वयंपाकघर. ती दारातच उभी होती, चौकटीवर कोपर घासत.

"खाजवू नकोस."

"सांगायला तुमचं काय जातंय?"

खरंच होतं ते. दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर लाल पुळ्या उठल्या होत्या, बऱ्याचशा नखांनी फोडलेल्या. झोप उडालेली, एका जागी बसवत नव्हतं. गेल्या वर्षी त्वचेच्या डॉक्टरांनी कारण शोधलं होतं: गव्हातलं ग्लुटेन तिच्या शरीराला चालत नाही, आणि त्याचा राग कातडीवर निघतो. गहू बंद केल्यावर हळूहळू सगळं शमलंही होतं. आणि आता पुन्हा हे.

"ताईच घालतात कशावरून?"

"स्वयंपाक त्यांच्याकडे. डबे त्यांच्या हातात. दुसरं आहे कोण घरात?"

"आणि जावईबापू?"

"टॅक्सी आणायला गेलेत. ताईंना त्यांच्या मावशीकडे पोचवायचंय. कायमचं." ती पुन्हा कोपर घासू लागली. "मीच म्हटलं, एक तर त्या राहतील नाही तर मी."

ताई म्हणजे तिची मोठी नणंद. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला तिनंच वाढवलं आणि त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. त्या भावानंच आता टॅक्सी आणायची होती.

स्वयंपाकघर लख्ख होतं. भाचीची भांडी वेगळी, प्रत्येकाला लाल दोरा बांधलेला. फौजदारांनी डबे हुंगले, कपाटाखाली वाकून पाहिलं. गुडघा कटकन वाजला, पण गव्हाचा कण काही सापडला नाही.

"इथे काय बघताय, इकडे या." भाचीनं मागचं दार उघडलं. पायरीपाशी कुंडीच्या आड एक कागदी पिशवी होती आणि पिशवीत अर्धा पाव. शेजारच्या नळाला साबणाची वडी टांगली होती.

"आता बोला," भाची म्हणाली.

ताई आतल्या खोलीत बांधलेल्या बॅगेशेजारी बसल्या होत्या.

"पाव तुमचा?"

"माझा."

"लपवलात का?"

"लपवला नाही. बाहेर ठेवला."

"हिच्या ताटात काही घातलंत?"

ताईंनी बॅग जवळ ओढली. "तुम्हाला वाटत असेल तर घातलं असेल."

"मध्ये कुठे गेला होतात का?"

"मैत्रिणीचं ऑपरेशन होतं. महिनाभर तिच्याकडे होते."

"तेव्हा खाज कमी होती?"

उत्तर भाचीनं दिलं. "छे, तेव्हाच तर वाढली."

"त्या महिन्यात स्वयंपाक कोण करत होतं?"

"मीच. नवं सामान आणून," ती म्हणाली आणि जरा गडबडली. "पण तो पाव? तो कशाला दडवायचा?"

फौजदार पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालू लागले. महिनाभर ताई घरात नाहीत, सामान नवं, हात हिचे, तरी खाज चढतीच. टेबलावर चिकट खळीचं पातेलं होतं.

"ही कशाची?"

"गव्हाच्या पिठाची. पण त्याच्या मागे लागू नका. डॉक्टरांना पहिल्यांदा तेच विचारलं. म्हणाले, कातडीला लागून हे होत नाही, पोटात जावं लागतं. हात बघा ना माझे."

हातांवर एक पुळी नव्हती.

"बरं वाटत होतं तेव्हा काय काम होतं?"

"हंगाम संपला होता. जुने मुखवटे रंगवत होते. ही नवी ऑर्डर ताई गेल्या त्याच सुमाराला आली."

फौजदार थबकले, मग खुर्चीत बसले. "टॅक्सी येईपर्यंत काम कर. खाजवण्यापेक्षा बरं."

तिला तेच हवं होतं. ती भराभर कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून मुखवट्यावर बसवू लागली.

"मला फोन केलास तेव्हा काय करत होतीस?"

"हेच. फोन टेबलावर ठेवून बोलत होते," ती म्हणाली, आणि आवाज पुन्हा तसाच दबका आला. डोळे मात्र कोरडे होते.

"हलू नकोस. ताई, जरा इकडे या."

ताई आल्या. भाचीनं दोन्ही हातांनी मुखवट्याचं नाक दाबून धरलं होतं. आणि पुढच्या पट्ट्या, खळीनं निथळणाऱ्या, तिच्या ओठांत होत्या.

"ही तुझी गुन्हेगार," फौजदार म्हणाले. "हात गुंतले की पट्टी ओठांत. खळ जिभेवर, तिथून पोटात, दिवसभर. डॉक्टर चुकले नाहीत. तू त्यांना हातांचं विचारलंस, तोंडाचं कोण विचारणार? रंगकाम होतं तेव्हा बरी होतीस. मुखवटे घडवायला घेतलेस आणि खाज परतली. ताई असोत नसोत."

पट्ट्या खाली पडल्या. भाचीनं ओठांवर बोटं फिरवली आणि त्या बोटांकडे बघत राहिली.

"आणि पाव?" तिनं हळूच विचारलं.

"नळाला साबण कशाला टांगलाय? ताईंना पाव आवडतो. चुरा घरात येऊ नये म्हणून त्या पायरीवर बसून खातात, हात धुतात, मग आत येतात. तुझ्यासाठी."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर आत बसून खा म्हणाली असतीस," ताई म्हणाल्या. "आधी चूळ भर. मग रड."

बाहेर हॉर्न वाजला. भाची तोंड धुऊन आली आणि तिनं ताईंची बांधलेली बॅग पलंगाखाली सरकवली. दारात नवरा उभा होता, मान खाली घालून.

"टॅक्सी थांबलीय. ताईची बॅग?"

"मामांना घरी सोडून या," भाची म्हणाली. "आणि येताना ताईंसाठी ताजा पाव आणा."

टॅक्सी वळताना फौजदारांना मागची पायरी दिसली. ताई उरलेला पाव खात होत्या. भाची पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, अंग चोरून, कोपर घट्ट धरून. खाजवत मात्र नव्हती.