नऊ फुटी पंखांचं इंजिन

सेक्टर सहाच्या बाजारातल्या देवरावांच्या दुकानात त्या दुपारी एक तरुण शिरायला बघत होता... पण खांद्यावरचा नऊ फुटी पंख काही दारातून आत येईना.

देवरावांची मुलगी मथुरा फवारणी पंपाचा कार्ब्युरेटर धूत बसली होती. पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाल्यावर वडलांनी हे रिपेरिंगचं दुकान टाकलं, तेव्हापासून इंजिनाची नस तिला त्यांच्याहून जास्त कळायची.

“हे काय होय?”

“विमान. म्हणजे... होईल. खाली उभं राहून रेडिओवर उडवायचं आहे. मी ओमप्रकाश, प्लांटमध्ये इंजिनिअर आहो. याले स्कूटरचं इंजिन बसवलं तं?”

मथुरा खळखळून हसली. “मंग नंबर प्लेट बी लावा! उडणार नाही ते, रस्त्यानंच जाईल.”

“मामानं बाहेरदेशातून एक छोटंसं इंजिन पाठवलं. पण एवढ्या पंखाले ते... बस, भुणभुण करते.”

“इंजिन सोडून वजन किती भरते?”

“सहा किलो.”

तिनं एका फवारणी पंपाचं इंजिन सोडवलं, वरचं टरफल काढलं आणि तळहातावर तोलून त्याच्या हातात ठेवलं. “धानाच्या बांधीत माणसाच्या पाठीवर दिवसभर चालते हे. थकत नाही.”

“इतकी खात्री?”

“मले इंजिनं समजतात. माणसं नाही समजत.”

“समजतील... हळूहळू,” तो म्हणाला. मथुरा पुन्हा कार्ब्युरेटर धुऊ लागली, स्वच्छ झालेलाच.

मग रोज ड्यूटी सुटली की त्याची सायकल दुकानापाशी थांबू लागली. एका संध्याकाळी तोल बघायचा होता. पंखाच्या एका टोकाखाली त्याचं बोट, दुसऱ्याखाली तिचं. नाक खाली जाई. इंजिन मागे सरकवलं की शेपूट झुके. आणखी थोडं पुढे... आणि एकाएकी ते अवाढव्य विमान दोन बोटांवर निश्चल उभं राहिलं. दोघांचे श्वास थांबले. हलायचं नव्हतं, म्हणून ती त्याच्यावरची नजरही हलवू शकली नाही.

माघातल्या एका सकाळी, रसमडा गावापलीकडच्या मुरमाड माळावर विमान धावलं. खडे उडाले... चाकं सुटली. मथुराचा हात आपोआप छातीशी गेला. माणसाच्या खांद्याहून उंच कधी न गेलेलं ते इंजिन आज घारींच्याही वर होतं, आणि ऊन पंखांतून आरपार दिसत होतं. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आवाज बदलला.

“उतरवा! आत्ताच!”

“मस्त तं चालून राहिलं—”

“आवाज पातळ झाला. मी सांगून राहिली नं!”

त्यानं पुढे विचारलं नाही. विमान वळवलं. चाकं टेकली आणि इंजिन बंद पडलं. पेट्रोलच्या नळीला चीर गेली होती. आणखी मिनिटभर वर राहिलं असतं, तर सगळ्याचा चुराडा झाला असता.

ओमप्रकाश विमानाकडे नाही, तिच्याकडे बघत राहिला. “एवढ्या उंचावरचं... तुमाले ऐकू आलं?”

ती लाजली.

“मथुरा, देवरावकाकाले काय विचारायचं, ते महिनाभर पाठ करून राहिलो...”

“अन् मले? मले नाही विचारायचं?”

त्यानं हातातला रेडिओ खाली ठेवला. घसा खाकरला. पाठ केलेलं सगळं विसरला.

“मथुरा... करशील माझ्याशी लग्न?”

“हो,” ती म्हणाली. “पण आधी पंख धरा, वारा सुटून राहिला नं!”