समोरची गाडी

मी एक्स-रे काढते. मुलुंडच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये, सकाळच्या पाळीत, अकरा वर्षं. रोज चाळीस-पन्नास छात्या, गुडघे, मणके. भुताखेतांच्या गोष्टी सांगत बसणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगते. जे झालं ते भर दुपारी झालं, कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, सातव्या मजल्यावर. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आत येतो म्हणून दुपारी आम्ही काचा लावून बसतो.

घरात तिघं. बाबा, म्हणजे गुणाजी, मिल बंद पडल्यावर वॉचमन झालेले. मी. आणि माझा धाकटा भाऊ हर्षद, भांडुपला फ्लेक्सची डिझाइन करणारा. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याच्या मेंदूत गुठळी झाली. पाय सावरला, बोलणं परत आलं, उजवा हात आला नाही. बोटं मुठीत वळलेली, नखं तळव्यात रुतायची. डिझाइनवाल्याचा उजवा हात गेला म्हणजे वाटच लागली, दुसरं काय.

फिजिओला येणारी गंधाली म्हणाली, त्याला माऊस धरायला लावा, काहीतरी खेळू दे. ब्राउझरवरचा एक फुकटचा खेळही तिनेच शोधून दिला. त्यात एक बिनचाकाची गाडी असते. खाली पांढरी चौकट. चौकटीत तुम्ही जी रेघ काढाल तीच गाडीची चाकं होतात. गोल काढला तर सपाट रस्त्यावर पळते, हुकासारखा आकडा काढला तर पायऱ्या चढते. वरच्या पट्ट्यात समोरच्याची गाडी, आणि त्याने काढलेली रेघ कोपऱ्यात दिसते. पोरखेळ. पण हर्षदला साधी आडवी रेघ जमत नव्हती. तीन महिने तो हरत होता, आणि हरल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

एका रविवारी बाबा आंघोळ करून आले आणि कॉम्प्युटरसमोर हात जोडून उभे राहिले. गावाकडे देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायला लागले.

"बा देवा म्हाराजा, समोर गाडी चलवणारो तू जो कोण आसस, माझ्या झिलाचो हात चलतो कर. बदल्यात तुका काय व्हया ता घे."

गाऱ्हाण्याला घरच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. मी म्हटलं. हसत म्हटलं, बाबांची फिरकी घेत. हर्षदही ओठातल्या ओठात म्हणाला. गावात देणं नाव घेऊन सांगतात, कोंबडा तर कोंबडा, नारळ तर नारळ. आकडा मोकळा कोणी सोडत नाही. बाबांनी सोडला, आणि आम्ही दोघांनी त्याला हो म्हटलं.

त्या दुपारी समोर एक राखाडी गाडी आली. नावाच्या जागी काहीच नव्हतं. तिच्या चौकटीत एक लांबट, मधेच खाली दबलेली रेघ उमटली. असल्या चाकावर गाडी चालते होय? ती जागची हललीच नाही. हर्षदने वेडावाकडा का होईना, गोल काढला आणि जिंकला. नंतर मी पाहिलं, त्याची करंगळी मुठीतून सुटली होती.

संध्याकाळी बाबांना डावा हात वर करता येईना.

"वयाचा दुखणा आसा गो," ते म्हणाले.

रोज एकच रेस. रोज तीच राखाडी गाडी. पाचव्या दिवशी ती दबलेली रेघ पुन्हा आली आणि मी ती ओळखली. बाबांच्या छातीचा एक्स-रे मीच काढला होता. मिलमध्ये डाव्या खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलेलं, वाकडं जुळलेलं. तोच दबलेला भाग, तोच कोन. चूक होणं शक्य नाही, हाडं वाचणं हा माझा धंदा आहे.

सहाव्या दिवशी वाढलेलं हाड असलेली टाच आली. बाबांचा पाय टेकेना. त्यांना सेंटरला नेऊन डोक्यापासून पायापर्यंत फिल्म काढल्या. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, वय झालंय.

हर्षदची मात्र तीन बोटं उघडली होती.

मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. कुठलं हाड कुठल्या दिवशी आलं, तेही कागदावर काढून दाखवलं. हर्षद त्या कागदाकडे बघत राहिला. मग मी नेटची वायर उपटली.

आठ दिवसांत त्याची बोटं पुन्हा मुठीत वळली.

"ताई, माझा हात आहे गं तो," तो म्हणाला. एवढंच.

नवव्या दिवशी मी कामावरून आले तर वायर जागेवर होती. बाबांनी भिंतीला धरून धरून स्वतः लावली होती.

"तू कित्याक मधी पडतंस?" ते म्हणाले. "आज त्याना पेन धरल्यान."

पोराचा हात पाहून म्हातारा रडत होता. मलाही रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, त्यात आनंदही होता.

मणके आले. बरगड्या आल्या. खुबा आला. बाबा पलंगावरून उठेनासे झाले. प्रत्येक रेसनंतर ते विचारायचे, "जिंकलो?" हर्षद मान हलवायचा. त्यांच्याकडे बघायचा नाही.

शेवटी एका दुपारी चौकटीत रेघ फिरून स्वतःला मिळाली. कवटी होती. जवळजवळ गोल. त्या दिवशी पहिल्यांदा राखाडी गाडी चालली, सावकाश, अर्ध्या रस्त्यापर्यंत. मग थांबली.

बाबा चार वाजता गेले.

तेराव्यानंतर हर्षद कामावर रुजू झाला. हात झकास चालतो, चहाचा कप धरतो, शर्टाची बटणं लावतो. रोजची एक रेस मात्र चुकवत नाही. मी विचारलं नाही. मला वाटलं होतं, देणं फिटलं.

काल रविवार. मी ओट्यावर कोळंबी सोलत होते. तो कॉम्प्युटरसमोर होता, वरच्या पट्ट्यात तीच राखाडी गाडी.

"ताई," त्याने पाठ न वळवता विचारलं, "तुझं मनगट कधी मोडलेलं का गं?"

मोडलं होतं. ट्रेनिंगला असताना, हॉस्टेलच्या जिन्यावर. बाबा काळजी करतील म्हणून घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नाही रे," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळेल असं वाटलं. मग माऊस सरकल्याचा आवाज आला. त्याने गोल काढला होता, अगदी सुबक.